नववा वाटेकरी

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत प्राण्याच्या वधाचा दोष कोणाकोणाकडे जातो याची एक गणती आहे. वधास संमति देणारा, मारणारा, अंगें तोडून वेगळीं करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा अशा आठ जणांना स्मृतिकारानें घातक म्हटलें आहे. ही गणती वाचतांना पूर्वीं आम्हांला तिच्या पूर्णतेचेंच कौतुक वाटत असे. दोषांतून सुटूं पाहणाऱ्या कोणालाहि तिच्यांत पळवाट ठेवलेली नाहीं. अलीकडे मात्र तिच्यांतील एक रिकामी जागा आमच्या ध्यानांत आली. मारणें आणि शिजविणें यांच्या मधल्या काळांत जो मांस राखून ठेवतो, त्याचें नांव तेथें नाहीं. नसण्याचें कारणहि उघड आहे. उष्ण देशांत वाळविलें किंवा मीठ लाविलें नाहीं तर मांस टिकत नसे. सकाळीं मारलेलें जनावर दिवस मावळण्यापूर्वीं चुलीवर चढे. राखणाऱ्याला कामच नव्हतें. आज तें काम घरोघर चालू आहे. म्हणून हा नववा मनुष्य पापाचा वाटेकरी आहे, कीं दुसऱ्या कशाचा, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रश्न सुचला तो मात्र ग्रंथावरून नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत त्याच्या घरीं राहण्याचा योग आला. नोव्हेंबरचा उत्तरार्ध होता. त्या दिवसांत तेथें नऊ दिवस बंदुकीनें हरिणांची शिकार करण्याची मुभा असते, आणि गिरण्यांतील कामगारांपासून शिक्षकांपर्यंत पुष्कळ लोक परवाना घेऊन रानांत जातात. शेजारच्या गृहस्थांनीं पहिल्याच दिवशीं पांढऱ्या शेपटीचा एक नर मारून आणला होता. आम्ही पाहावयास गेलों तेव्हां तो त्यांच्या मोटारीच्या गॅरेजांत तुळईला मागच्या पायांनीं टांगलेला होता. पोट रिकामें केलेलें होतें. कातडें अंगावर तसेंच होतें. खालीं मुलांच्या सायकली होत्या. शाळेंतून आलेलीं मुलें त्याच्या बाजूनें वाट काढून आपापली सायकल घेत आणि जातांना एकवार वर पाहत.

आमच्या मनांत प्रथम आला तो शब्द 'शिळें' हा होता. रविवारीं सकाळीं मटणाच्या दुकानापुढें रांगेंत उभें राहून डोळ्यांदेखत कापून घेतलेलें मांस दुपारच्या आंत संपविण्याची ज्यांची रीत, त्यांना चार दिवस टांगलेल्या मांसाची कल्पना रुचणें कठिण. आपल्या स्वयंपाकघरांत शिळें हा केवळ चवीचा शब्द नाहीं. त्याला नीतीचा वास आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायांतहि वेळ टळून गेलेलें अन्न तामस लोकांच्या आवडीचें म्हणून सांगितलें आहे. परंतु त्या गृहस्थांशीं बोलल्यावर असें दिसून आलें कीं, ते मांस शिळें होऊं देत नव्हते. शिळेपणाशीं त्यांचें युद्ध चाललें होतें.

या युद्धाचें स्वरूप समजून घेण्यासारखें आहे. मारल्या वेळीं हरिणाचें शरीर सुमारें ३८ ते ३९ अंश सेंटिग्रेड इतकें उष्ण असतें. जिवंतपणीं जी ऊब त्याचें रक्षण करते, तीच प्राण गेल्यावर त्याच्या मांसाचा नाश करूं लागते. म्हणून आंतडीं ताबडतोब काढतात आणि पोटाची पोकळी उघडी ठेवून तींतून वारा खेळूं देतात. उष्णता चार अंशांच्या आसपास उतरली म्हणजे जंतूंची वाढ फार मंदावते. त्यापूर्वींचा प्रत्येक तास धोक्याचा. मग लगेच गोठवून कां टाकूं नये? तर तेंहि चालत नाहीं. मरणानंतर कांहीं तासांत स्नायु ताठ होतात आणि तो ताठरपणा उतरण्यास एक-दोन दिवस लागतात. तत्पूर्वीं कापलें किंवा गोठविलें तर मांस चिवट होतें. उलट थंडींत कांहीं दिवस टांगून ठेवल्यास स्नायूंतीलच पाचक द्रव्यें त्यांचे तंतु हळूहळू सैल करतात. तात्पर्य, गोठणबिंदूच्या किंचित् वर आणि चार अंशांच्या फारसें पलीकडे नाहीं, अशा एका अरुंद पट्टींत तें शरीर संभाळावें लागतें. बाहेर हिमकाळ असला तर हें काम निसर्ग करतो. नसला तर माणसाला रात्रीं उठावें लागतें.

त्या वर्षीं थंडीनें दगा दिला. तिसऱ्या दिवशीं दुपारीं ऊन पडलें आणि छपरावरचें हिम वितळून ठिबकूं लागलें. गृहस्थांनीं बर्फाच्या पिशव्या आणल्या. पाणी भरून गोठविलेल्या बाटल्या हरिणाच्या पोकळींत रचल्या. वितळलेलें पाणी मांसाला लागूं नये म्हणून वारंवार पुसून काढलें. रात्रीं गार वारा यावा म्हणून दार उघडें, सकाळीं बंद, असा क्रम त्यांनीं ठेवला. आमच्या खिडकींतून पहांटे तीन वाजतां त्यांच्या गॅरेजांतला दिवा आम्हीं दोनदां पाहिला. पांचव्या दिवशीं त्यांनीं कातडें काढून कापण्यास आरंभ केला, तेव्हां एका मागच्या मांडींत, हाडाच्या सांध्यापाशीं, वास लागलेला निघाला. कातडें ऊब धरून ठेवतें. तें पहिल्याच दिवशीं काढावयास हवें होतें, तें त्यांनीं थंडीच्या भरंवशावर राहूं दिलें, आणि खोल सांध्यांतली उष्णता पहिल्याच रात्रीं बाहेर पडूं शकली नाहीं. मांडी टाकून द्यावी लागली. बाकीचें मांस पुड्यांत बांधून झालें, तरी ते गृहस्थ कितीतरी वेळ त्या मांडीपाशीं उभे होते. शेवटीं ते म्हणाले, "याला मारलें तेव्हां मला वाईट वाटलें नव्हतें. आतां वाटतें."

हें वाक्य आम्हीं पुण्याला घेऊन आलों, आणि तेव्हांपासून तें आम्हांला स्वस्थ बसूं देत नाहीं. मारतांना न वाटलेलें वाईट मांस नासल्यावर वाटावें हें उफराटें नव्हे काय? हरिणाच्या दृष्टीनें पाहिलें तर गोळी लागली त्या क्षणींच सर्व कांहीं संपलें. त्याची मांडी ताटांत गेली काय किंवा उकिरड्यावर गेली काय, त्याला सारखेंच. अहिंसावादी मनुष्य येथें सरळ म्हणेल कीं, हा पश्चात्ताप चुकीच्या ठिकाणीं झाला. खरा व्हावयाचा तो आधींच व्हावयास पाहिजे होता. या आक्षेपांत बळ आहे, आणि तो उडवून लावण्याची आमची इच्छा नाहीं.

तथापि त्यानें प्रश्न मिटत नाहीं. मनुष्य जीव घेतो तेव्हां तो स्वतःशीं कांहींतरी कारण सांगतो. त्या गृहस्थांचें कारण 'अन्नासाठीं' हें होतें. आतां हें कारण असें आहे कीं, तें गोळी झाडतांना खरें किंवा खोटें नसतें. तें पुढें खरें करून दाखवावें लागतें. हुंडीवर सही करणें आणि ती वटविणें यांत जेवढें अंतर, तेवढेंच येथें आहे. मारणें एका क्षणाचें, खाणें घटकाभराचें. मधले पांच दिवस ही हुंडी राखणाऱ्याच्या हातांत असते. त्यानें हयगय केली तर 'अन्नासाठीं मारलें' हें विधान मागाहून खोटें ठरतें आणि उरतें तें केवळ मारणें. झालेली गोष्ट बदलतां येत नाहीं हें खरें. पण झालेल्या गोष्टीचा अर्थ कांहीं काळ मोकळा असतो, आणि तो कोणता ठरावा हें राखणाऱ्याच्या जागरणावर अवलंबून राहतें.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नीट राखलें म्हणजे मारणें धर्म्य ठरलें, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें असतें तर ज्याच्या घरीं उत्तम शीतगृह तो मोठा पुण्यवान् ठरला असता. हुंडी वटली म्हणून मूळ कर्ज काढणें शहाणपणाचें होतें असें सिद्ध होत नाहीं. न वटली तर मात्र सबब सांगण्यास तोंड राहत नाहीं. आमच्या मतें राखणाऱ्याचें नीतिशास्त्र एवढेंच आहे: तो वधाला निर्दोष करूं शकत नाहीं, पण वधाची जी एकुलती एक सबब आहे ती तो घालवूं शकतो.

ही गोष्ट शिकारी समाजांनीं स्वतः ओळखली आहे. अलास्कांत शिकारीच्या मोठ्या जनावराचें खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा कायद्यानें गुन्हा आहे. सांबरशिंगासारखीं शोभेचीं शिंगें तेवढीं घेऊन मांस मागें ठेवणाऱ्याला तेथें शिकारी न म्हणतां अपराधी म्हणतात. त्याच प्रदेशाच्या उत्तर टोंकाला उट्कियाग्विक हें गांव आहे, इ. स. २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणत. तेथील इनुपियाट लोक कायम गोठलेल्या भूमींत खोल तळघरें खणून त्यांत देवमाशाचें मांस ठेवीत आले आहेत. वसंतांतील शिकारीपूर्वीं तळघर साफ करण्याची त्यांची रीत आहे. ज्याचें तळघर स्वच्छ, त्यालाच देवमासा आपण होऊन देह देतो अशी त्यांची श्रद्धा. श्रद्धा बाजूस ठेविली तरी तिच्यांतला क्रम पाहण्यासारखा आहे. आपण आधीं मारण्याचा आणि मग ठेवण्याचा विचार करतों. हे लोक ठेवण्याची पात्रता आधीं सिद्ध करतात आणि मगच मारावयास निघतात. अलीकडे तेथील भूमीच वितळूं लागल्यामुळें कांहीं तळघरांत पाणी शिरलें आहे. इतरांच्या यंत्रांनीं वाढविलेली उष्णता अशा रीतीनें त्यांच्या हुंडीवर येऊन पडली आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, ही परदेशची चर्चा आम्हांला कशाला? इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडे हरिणाची शिकार बंद झाली, आणि तें योग्यच झालें. पण कायद्यानें हरिण वांचलें, राखणारा मात्र सुटला नाहीं. उलट तो आमच्या घरांत येऊन बसला आहे. पूर्वीं दुपारच्या आंत संपणारें मांस आतां फ्रीजांत महिना-महिना राहतें, आणि तेथें त्याला पाय नाहींत, कातडें नाहीं, डोळे नाहींत. महाभारतांतील धर्मव्याधानें, आपण स्वतः मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेलें विकतों, असें ब्राह्मणाला सांगितलें. पण आपला धंदा घोर आहे हें त्यानें लपविलें नाहीं. आम्ही व्याधाचें पहिलें वाक्य तेवढें उचललें आणि दुसरें सोडून दिलें. थंडीचे गुण दोन आहेत. त्या गॅरेजांत तिनें हरिणाला पांच दिवस मुलांच्या डोळ्यांपुढें ठेविलें. आमच्या घरांत तीच थंडी बोकडाला नजरेआड करते.

बेकनची गोष्ट इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. हायगेटच्या टेंकडीच्या पायथ्याशीं कोंबडी विकत घेऊन, तिच्या पोटांत बर्फ भरून, थंडीनें मांस टिकतें कीं काय हें पाहण्याच्या नादांत त्याला सर्दी झाली आणि इ. स. १६२६ च्या एप्रिलांत तो वारला, असें ऑब्रेनें लिहून ठेविलें आहे. वर्गांत ही गोष्ट आम्हीं पुष्कळ वर्षें हंशा पिकविण्यासाठीं सांगितली. आतां सांगतांना वाटतें, निदान त्याच्या हातांना तो गारवा लागला होता.

हें सर्व लिहिण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, हें शेवटीं सांगितलें पाहिजे. आम्ही मांसाहारी आहों, आणि आजवर एकहि जीव आम्हीं स्वतःच्या हातानें मारलेला नाहीं. अमेरिकेहून परत आल्यानंतरच्याच पावसाळ्यांत एका वादळी रात्रीं झाड पडून आमच्या भागांतील वीज दोन दिवस गेली. फ्रीजांत दीड किलो मटण होतें. पाहुणे यावयाचे म्हणून आणलेलें, आणि पाहुणे न आल्यामुळें तीन आठवडे विसरलेलें. वास आला तेव्हां आम्हीं तें वर्तमानपत्रांत गुंडाळून कोंपऱ्यावरच्या कचरापेटींत टाकलें आणि हात धुऊन चहा घेतला. बर्फ आणण्याचें, शेजाऱ्यांना देण्याचें, अगर निदान वेळेवर आठवण्याचें आमच्या मनांतहि आलें नाहीं. रात्रीं निजतांना मात्र पहांटे तीनचा तो दिवा डोळ्यांपुढें आला. त्या गृहस्थानें एक मांडी गमावली आणि तो तिच्यापाशीं उभा राहिला. आम्हीं गमावलेलें कोणत्या अंगाचें होतें हेंहि आम्हांला सांगतां आलें नसतें. मनूच्या यादींत विकत घेणारे आणि खाणारे म्हणून आमचें नांव आधींच होतें. नवव्या जागेवरहि तें घालावें लागेल, आणि तेथें आमच्यापाशीं सबब नाहीं.