व्हीपीएन जोडला जात नसेल तेव्हा

चि. ओंकार,


ताई म्हणाली, कंपनीने लॅपटॉप घरपोच पाठवलाय आणि सोमवारपासून तू देवरुखातूनच काम करणार. छान झालं. पण माझी इतकी वर्षं हेल्पडेस्कवर गेली, तेव्हा व्हीपीएनबद्दल चार गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कंटाळू नकोस.

व्हीपीएन म्हणजे तुझ्या लॅपटॉपपासून कंपनीच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त बोळ. आतून काय चाललंय ते वाटेत कुणाला वाचता येत नाही, तुमच्या केबलवाल्यालाही नाही. मात्र बोळात शिरणारा तूच की दुसरा कुणी, हे बोळाला कळत नाही. ज्याच्याकडे तुझा पासवर्ड, तो त्याच्या लेखी ओंकार. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन खंडणीखोरांमुळे बंद पडली. पूर्व किनाऱ्याचं जवळजवळ निम्मं इंधन ती पुरवते. चोर शिरले ते कुणी वापरत नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, आणि त्या खात्याला पासवर्डाखेरीज दुसरा अडसरच नव्हता. कंपनीने ७५ बिटकॉइन मोजले, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर. पासवर्ड साधासुधा नव्हता, असं तिच्या प्रमुखांनी सिनेटपुढे सांगितलं. नसेलही. पण तो फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत सापडला, मग अवघड असून काय उपयोग? म्हणून ऑफिसचा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरायचा नाही, आणि लॉगिन करताना मोबाइलवर मागितल्या जाणाऱ्या मंजुरीची कटकट वाटली तरी कुरकुर करायची नाही.

मला खरी भीती आहे ती वेगळ्याच वेळेची. दहाला मीटिंग, साडेनऊ वाजलेत, नुकतीच वीज जाऊन आलीय आणि व्हीपीएन ‘कनेक्टिंग’वर अडकलाय. अशा वेळी चांगली शहाणी माणसं भोळी होतात. आम्हाला फोन करून, आम्ही न विचारताच पासवर्ड सांगून मोकळी व्हायची! चोरांनाही हे पक्कं ठाऊक आहे. जुलै २०२० मध्ये ट्विटरची माणसं घरून काम करत होती आणि व्हीपीएनच्या तक्रारी रोजच्याच होत्या. चोरांनी त्यांना फोन केले: आयटीतून बोलतोय, तुमची व्हीपीएनची अडचण सोडवायचीय. मग लॉगिनचं हुबेहूब पान पुढे केलं. कर्मचारी त्यात पासवर्ड टाकत, त्याच क्षणी चोर तो खऱ्या पानावर टाकत. मोबाइलवर मंजुरी मागितली गेली आणि काहींनी ती दिलीसुद्धा. पुढे ओबामा, बायडन यांच्या खात्यांवरून बिटकॉइन मागणारे संदेश निघाले. सूत्रधार कोण, तर फ्लोरिडातला १७ वर्षांचा पोरगा. उबरमध्ये २०२२ साली तर एका कंत्राटदाराला मंजुरीच्या विनंत्या पाठवून पाठवून इतकं भंडावलं, की त्याने शेवटी एक मान्य केली.

तेव्हा तू लॉगिन करत नसताना मंजुरी मागितली गेली, तर नाकार, पासवर्ड बदल आणि हेल्पडेस्कला कळव. रात्रीचे दोन वाजले असले तरी. आयटीतून म्हणून फोन आला तर ठेवून दे आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या कागदावरच्या नंबरला स्वतः फोन कर. समोरचा साहेबी आवाजात चिडेल. चिडू दे. ताईने तुला मोठ्यांना उलटून बोलू नये असं शिकवलंय, पण इथे तो संस्कार बाजूला ठेव.

आणि जोडणी होत नसेल तर टीम लीडला सरळ कळव: व्हीपीएन बंद आहे, काम थांबलंय. यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो फाइल स्वतःच्या जीमेलवर मागवण्यात, किंवा मित्राला ‘एनीडेस्कवरून जरा बघ रे’ म्हणत लांबून लॅपटॉपचा ताबा देण्यात.

घरगुती उपाय आधी करून बघ. दुसरी एखादी साइट उघडते का? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडणी होते का? होत असेल तर दोष राउटरचा किंवा केबलवाल्याचा. लॉगिनसाठी लागणारा मोबाइल ॲपमधला सहा आकडी कोड सारखा नाकारला जात असेल, तर मोबाइलचं घड्याळ बघ. तो कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण ३० सेकंदांनी बदलतो. घड्याळ मागेपुढे असेल तर कोडही चुकतो. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेव. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला भावोजींना सांग, पंख्याआधी.

व्हीपीएन चालू असताना तू काय उघडतोस ते कंपनीला दिसू शकतं. तेव्हा वधूवर सूचक मंडळाची साइट आपल्या मोबाइलवरच बघ!

एक राहिलं. पासवर्डची मुदत संपत आली की लॅपटॉप व्हीपीएनला जोडलेला असतानाच तो बदल. दुसरीकडून बदललास तर लॅपटॉप जुन्याच पासवर्डने उघडत राहतो आणि व्हीपीएन नवा मागतो. हा घोळ निस्तरताना भलेभले रडकुंडीला आलेले मी पाहिलेत. दिवाळीच्या रजेआधी मुदतीची तारीख बघून ठेव. त्या आठवड्यात हेल्पडेस्कवरही निम्मीच माणसं असतात.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी