भरल्या पोटाची लीला

खेळून मूल काय शिकतं, असं आईबाप मला विचारतात आणि अंगणवाडीची नोंदवहीही विचारते. उत्तर सोपं आहे. चिंचोके उचलताना अंगठा आणि तर्जनीची पकड पक्की होते, पुढे तीच पेन्सिल धरते. भातुकलीत एक आई होते, दुसरी पाहुणी. त्यातून बोलणं येतं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं येतं. पण चिंचोके उचलणाऱ्या पोरीला यातलं काहीच मिळवायचं नसतं. मला याचं नवल वाटतं.

वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत असाच पेच आहे. ब्रह्म परिपूर्ण, त्याला कशाची उणीव नाही. मग त्यानं जग कशासाठी निर्माण केलं? सूत्रकार बादरायण दुसऱ्या अध्यायात उत्तर देतात की ही केवळ लीला आहे. शंकराचार्य भाष्यात सगळं काही लाभलेल्या राजाच्या क्रीडेचा दाखला देतात, आणि श्वासाचाही, कारण श्वास कुणी हेतू धरून घेत नाही.

ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर राजा नाही, आमच्या अंगणवाडीतलं जेवलेलं मूल आलं. उपाशी आलेलं पोर खेळत नाही. भिंतीला टेकून बसतं, हातात ठोकळा दिला तर नुसता धरून ठेवतं. गरम खिचडी पोटात गेली, मदतनीस ताईंनी जवळ घेतलं, की हळूहळू तोच ठोकळा जमिनीवरून पळू लागतो, त्याची एसटी होते, तिला कंडक्टर मिळतो. मूल काही ब्रह्म नव्हे, त्याला अजून वाढायचं आहे, हे मला मान्य आहे. तरी तेवढ्या वेळापुरती त्याला कशाची उणीव नसते, आणि कौशल्यं येतात ती त्याच वेळात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले वापरले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९७५च्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत आहार आणि शाळापूर्व शिक्षण एकाच छपराखाली आले. नोंदी मात्र वेगवेगळ्या रकान्यांत होतात, आणि हे मला पटत नाही. धान्याचा पुरवठा लांबला की मी अर्जात लिहिते: आहार बंद आहे, खेळही बंद आहे.