बाटलीवरचा रंग आणि शिवारातला श्वास

पहूर-शेंदुर्णीच्या पट्ट्यात कपाशी कमरेला लागली की फवारणीचे दिवस सुरू होतात. कृषी केंद्राच्या फळीवरच्या प्रत्येक बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल जहाल आणि हिरवा निर्धास्त, असा त्याचा सरसकट अर्थ लावला जातो. हा अर्थ माणसांच्या जिवावर बेतणारा आहे.

रंग ठरतो तो एलडी-५० या आकड्यावरून. तोंडावाटे एकदाच दिल्यावर प्रयोगातली निम्मी जनावरं दगावतील अशी मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार हा आकडा ५०पर्यंत असेल तर लाल, ५००पर्यंत पिवळा, ५०००पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा उंदरांमधला आकडा १४च्या आसपास, म्हणून ते लाल. पण ५०१ आणि ५००० या दोन्ही आकड्यांना निळाच रंग मिळतो. विषारीपणात दहापट फरक असला, तरी डोळ्यांना तो दिसत नाही.

एलडी-५०ची कल्पना मांडली ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी, १९२७ साली. डिजिटॅलिस, इन्शुलिन अशा औषधांची ताकद पारखायला त्यांना एक भरवशाचं माप हवं होतं. पुढे तेच माप सगळ्या रसायनांना लागलं आणि एकेका आकड्यासाठी डझनावारी उंदीर मरू लागले. वर्गवारीला इतका नेमका आकडा लागतच नाही, हे कळायला फार उशीर झाला. ती जुनी चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२मध्ये रद्द केली. आता एका पद्धतीत टप्प्याटप्प्याने तीन-तीन जनावरं घेतात, बहुधा माद्या. त्यांना रात्रभर उपाशी ठेवून नळीने मात्रा पोटात सोडतात आणि चौदा दिवस पाहतात. किती जगली त्यावरून पुढची मात्रा वाढवायची की कमी करायची ते ठरतं, आणि शेवटी वर्ग मिळतो. उंदरांचे हाल कमी करणारा हा बदल मला मोलाचा वाटतो.

मात्र चाचणी जुनी असो की नवी, विचारलेला प्रश्न तोच राहतो: एकदा गिळलं तर काय होईल? पंप पाठीवर घेतलेला मजूर औषध गिळत नसतो. गळक्या झाकणातून ते पाठीवर झिरपतं, घामाने भिजलेल्या शर्टातून अंगात मुरतं, वारा फिरला की नाकातोंडात जातं, आणि असं दिवसामागून दिवस चालतं. नियमांच्या तक्त्यात कातडीसाठी वेगळा रकाना आहे, पण श्वासासाठी नाहीच. शिवाय चाचणी होते ती एकेका औषधाची. शेतात मात्र दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवली जातात.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात हे उघड्यावर आलं. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. यातल्या बहुतेकांच्या अंगात विष शिरलं ते कातडीतून आणि श्वासातून.

पॅराक्वाट या तणनाशकाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. उंदराच्या आकड्याने ते पिवळ्यात बसतं, लालमध्ये नाही. पण ते माणसाच्या पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, आणि फुप्फुसांची हानी पुढे कित्येक दिवस वाढत राहते.

तरीही रंग काढून टाका, असं मी म्हणणार नाही. त्यांनी दुकानदाराला, घरच्यांना काहीएक सावध केलं आहे. माझी मागणी अशी की तक्त्यात श्वासाचा रकाना यावा आणि रंग कशाचं माप आहे, ते बाटलीवर ठळक मराठीत लिहिलेलं असावं. आणखी एक गोष्ट तर कायदा न बदलताही करता येईल. रोजाने फवारायला येणाऱ्याच्या हाती बहुधा कालवलेली बादलीच पडते. बाटली मालकाच्या घरी राहते. ती बांधावर आणून ठेवली पाहिजे. फवारताना कोणाला मळमळ, चक्कर, लाळ सुटणं सुरू झालं, तर त्याच्याबरोबर ती दवाखान्यात गेली पाहिजे. मोनोक्रोटोफॉससारख्या विषावर ॲट्रोपिन चालतं, दुसऱ्या एखाद्यावर चालत नाही. समोर कोणतं विष आहे हे डॉक्टरला त्या बाटलीवरूनच लवकर कळतं.