क्रियापदाचा कर्ता

इंग्रजीतलं ‘फ्रिस्क’ हे क्रियापद मुळात आनंदी. जुन्या फ्रेंचमधल्या टवटवीत, चपळ अशा अर्थाच्या विशेषणातून ते आलं. जर्मनमधला ताजेपणाचा ‘फ्रिश’ त्याचा दूरचा नातेवाईक असावा. सोळाव्या शतकात फ्रिस्क करणं म्हणजे उड्या मारणं, बागडणं. अठराव्या शतकाच्या अखेरीस चोरांच्या बोलीत त्याला दुसरा अर्थ चिकटला: अंगावरून झरझर हात फिरवून झडती घेणं. चपळाई तीच राहिली, कर्ता बदलला. आता चपळ असतात ते झडती घेणाऱ्याचे हात. ज्याचं अंग, त्यानं निमूट उभं राहायचं.

महाडला याच्या उलट वाटेनं गेलेला शब्द भेटतो. फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र. त्यावरून आलेला छबिना म्हणजे आधी रात्रीची गस्त. पुढे देवाची रात्रीची मिरवणूकही छबिनाच झाली. महाशिवरात्रीच्या उत्सवात इथे ग्रामदैवत वीरेश्वराचा छबिना निघतो. आसपासच्या गावांचे देव येतात, विन्हेऱ्याची झोलाई येते, वाजंत्र्यांच्या तालावर उंच सासनकाठ्या नाचवल्या जातात. तिकडे नाचाची झडती झाली, इकडे गस्तीचा नाच झाला.

हा हिशेब इथेच मिटवला तर तो फार गोड होईल. सावित्री नदी पोलादपूरकडून जिथे उतरते, त्या याच गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून परिषदेसाठी जमलेली, अस्पृश्य मानली गेलेली माणसं शिस्तीत चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्यायली. उड्या नाहीत, नाच नाही. नुसतं चालणं आणि वाकणं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केलं होतं. कागद मोकळा होता, पावलं बांधलेली होती. त्या दिवशी अफवा उठली की, ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेला आलेल्यांवर लाठ्या चालल्या. ज्या देवाच्या छबिन्यात काठ्या नाचत, त्याच देवाच्या नावानं काठ्या उगारल्या गेल्या. त्या ओंजळीच्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडलं.

कोशात क्रियापद धातुरूपात, कर्त्यावाचून उभं असतं. बागडणे, नाचणे, उसळणे: वाचताना वाटतं, हे कुणालाही लागू आहे. गावात उतरल्यावर त्याला कर्ता लागतो आणि कर्त्याला जात, आळी, पाणवठा लागतो. एखाद्या समाजाचं चैतन्य तिथल्या सणांवरून मोजायची आपल्याला सवय आहे. माझ्या लेखी मोजायला आधीची पायरी अधिक खरी: तिथे साधं चालत जाऊन पाणी पिणं कुणाकुणाला बिनधोक जमतं? नाचाची पाळी त्यानंतरची.