राखाडी खोक्यात कोण राहतं?

मुरबाडहून माळशेजकडे निघालात की टोकावड्याच्या पुढे वैशाखरे लागतं. ट्रेकिंग करणाऱ्यांना हे गाव ठाऊक असतं, कारण नाणेघाटाची वाट इथून जवळ. या पट्ट्यातलं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंती. वर कौलं. पुढे पडवी, मागे गुरांचा गोठा, माळ्यावर घरचं भात. उन्हाळ्यात दारापुढे मांडव, पावसाळ्यात पडवीला प्लास्टिकचा आडोसा. म्हणजे एकाच घराचा आकार वर्षातून दोनदा बदलतो.

आता हे घर नगरनियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं आहे असं समजा. तिथे तयार इमारतींची लायब्ररी असते. बंगला, सहामजली इमारत, दुकानांची रांग, गोदाम. हवी ती उचलायची आणि नकाशावर ठेवायची. आपलं घर त्या यादीत नसतं. मग दोन मार्ग उरतात. एक, घर मोजायचं, चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि स्केचअप किंवा ब्लेंडरमध्ये त्याचं स्वतंत्र त्रिमितीय मॉडेल बनवून आत आणायचं. दुसरा, जमिनीवर घराचा चौकोन काढून तो तीन मीटर वर उचलायचा. राखाडी रंगाचा एक खोका तयार होतो. पहिल्या मार्गाला अख्खा दिवस जाऊ शकतो. दुसऱ्याला काही सेकंद पुरतात.

‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा गेम खेळला असाल तर ही अडचण तुमच्या ओळखीची आहे. गेममध्ये आपल्याकडच्यासारखी इमारत सापडत नाही, म्हणून खेळाडू ती स्वतः बनवतात आणि इतरांना वापरायला देतात. तिथे ती हौस असते. नियोजनात मात्र त्या मॉडेलकडे बघून कुणाच्या तरी घराचा निर्णय होणार असतो.

तपशिलालाही पायऱ्या आहेत. शहरांच्या त्रिमितीय मॉडेलसाठी ‘सिटीजीएमएल’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २००८ साली आलं. त्यातली पहिली पायरी म्हणजे सपाट माथ्याचा खोका. दुसऱ्या पायरीवर छपराचा उतार दिसतो. तिसऱ्या पायरीवर दारं-खिडक्या येतात. कुठली इमारत कुठल्या पायरीवर ठेवायची, हे मॉडेल करणारा आणि त्याला पैसे देणारा ठरवतो. बहुतेक वेळा होतं असं की नव्या प्रकल्पाच्या काचेत ढगांचं प्रतिबिंब दिसतं, बाल्कनीत कुंड्या असतात, फुटपाथवर कुत्रा फिरवणारी बाई असते. आजूबाजूची वस्ती मात्र राखाडी. यामागे कुणाचा दुष्टावा असतोच असं नाही. वेळ कमी, बजेट कमी, कामाचा भर प्रकल्पावर. पण बैठकीत पडद्याकडे बघणाऱ्याला हा हिशेब दिसत नाही. त्याला एका बाजूला आयुष्य दिसतं आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. राखाडी खोका हलवताना हात थबकत नाही.

मग उत्तर सोपं वाटतं. प्रत्येक घर नीट रेखाटा, न्याय होईल. मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं. धारावीकडे पाहिल्यावर त्या उत्तरावरचा माझा विश्वास डळमळला.

मार्च २०२४ पासून धारावीत पुनर्विकासासाठी सर्वेक्षण सुरू झालं. ड्रोन, लायडार आणि वस्तीचा डिजिटल जुळा, म्हणजे खऱ्या वस्तीची हुबेहूब संगणकीय प्रतिकृती, अशी तयारी. इथे तपशिलाची कमतरता नाही. प्रत्येक माळा, प्रत्येक बाहेर काढलेला पत्रा टिपता येतो. पण त्या तपशिलापुढे नियम उभे आहेत. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्या पात्र कुटुंबाला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्याला धारावीबाहेर ३०० चौरस फूट, अडीच लाख रुपये भरून. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेर, भाड्याच्या योजनेत. म्हणजे मॉडेलमधला जिना केवळ जिना राहत नाही. तो माणूस कुठल्या बाजूला पडणार, हे त्या जिन्यावर ठरतं. खोक्यात आपण दिसत नाही म्हणून डावलले जातो, आणि इथे नेमके दिसतो म्हणून वेगळे काढले जातो.

शिवाय लायडार भिंत किती उंच आहे ते सांगतो. भिंतीआड काय चालतं, ते सांगत नाही. कुंभारवाड्यात घराला लागून भट्टी असते. अंगण ही चाक फिरवण्याची आणि मडकी वाळवण्याची जागा असते. मॉडेलच्या भाषेत ते अंगण म्हणजे दोन खोक्यांमधली रिकामी फट.

आता परत गावाकडे येऊ, कारण असंच मोजमाप तिथेही पोहोचलं आहे. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी जाहीर झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला होता. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ड्रोन उडण्याआधी गावकरी आपापल्या मिळकतीच्या कडेनं चुन्याची पांढरी रेघ मारतात. वरून कॅमेऱ्याला ती रेघ दिसते. म्हणजे नकाशाची पहिली रेघ संगणकावर पडत नाही. ती घरमालकाच्या हातून, शेजाऱ्यासमोर, जमिनीवर पडते. वाद असेल तर तिथेच तोंडावर होतो.

पण रेघ मारायला माणूस घरी असावा लागतो. शहापूर-मुरबाडमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधले महिने घरं बंद. पाडे पुष्कळदा गावठाणाबाहेर, कधी दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर. मोजणी जर गावठाणाची असेल आणि आकाश निरभ्र असलेल्या महिन्यात असेल, तर या घरांची रेघ कोण मारणार? शहरातल्या इमारतींच्या विटा भाजायला गेलेल्या माणसाचं स्वतःचं घर नकाशाबाहेर राहू शकतं. यात कुणी खोटं बोललेलं नाही. फक्त विचारायला कुणी थांबलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, नकाशा म्हटला की काहीतरी गाळावंच लागतं. सगळं दाखवणारा नकाशा जगाएवढाच मोठा होईल. हे खरंच आहे. माझी तक्रार गाळण्याबद्दल नाही. ‘इथे काही नाही’ आणि ‘इथे काय आहे ते आम्ही पाहिलं नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे, आणि राखाडी खोका दोन्ही वाक्यं एकाच रंगात बोलतो. न पाहिलेल्या जागेवर तसं स्पष्ट लिहिता येतं. सॉफ्टवेअरला ते अवघड नाही. अवघड आहे ते बैठकीत मान्य करणं, कारण मग कुणीतरी जाऊन पाहावं लागतं.

माझ्यापुरतं उत्तर असं आहे. कुणाच्या घराचं मॉडेल करणं म्हणजे त्याच्या गैरहजेरीत त्याच्या वतीनं साक्ष देणं. साक्ष देणाऱ्यानं दोन गोष्टी पाळायच्या. जे पाहिलं नाही ते पाहिलं असं भासवायचं नाही. आणि निर्णयाआधी ती साक्ष त्या माणसाला वाचून दाखवायची. इथे गोठा आहे, गोदाम नाही. हा मांडव उन्हाळ्यापुरता. हा जिना मुलाच्या लग्नानंतर केला, पण आम्ही त्याआधीपासून इथेच आहोत, हे त्याला म्हणता आलं पाहिजे. आपल्या घराविषयी काय सांगायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे ठरवायलाही तो तिथे हवा. मग मॉडेल तिसऱ्या पायरीवर असो की पहिल्या, फार बिघडत नाही. बोलून काढलेला साधा खोकासुद्धा न विचारता काढलेल्या सुबक कौलांपेक्षा जास्त खरा असतो.

तुमच्यातले काही जण उद्या हेच काम करणार आहात. आर्किटेक्चर शिकत असाल, जीआयएसचा कोर्स करत असाल, घरी बसून कुणासाठी रेंडर बनवत असाल. डेडलाइन रात्रीची असेल आणि आजूबाजूच्या चाळीस घरांसाठी तुमच्याकडे वीस मिनिटं असतील. तेव्हा खोकेच टाकावे लागतील, टाका. पण पाठवण्याआधी कोपऱ्यात एक ओळ लिहा: ही घरं पाहिलेली नाहीत. चुन्याची रेघ पहिल्या पावसात धुऊन जाते. ही ओळ फाइलमध्ये राहील, आणि कदाचित ती वाचून कुणीतरी वैशाखऱ्याची एसटी पकडेल.