मऊ धातू

आमच्या गाडीच्या इंजिनातून खटखट असा आवाज यायला लागला, तेव्हा आठ दिवस मी तो ऐकलाच नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला ही कला येतेच. शेवटी मेकॅनिकने इंजिन खोलले आणि माझ्या तळहातावर धातूच्या चार-पाच चंद्रकोरी ठेवल्या.

“साहेब, ही तुमची बेअरिंगं.”

बेअरिंग म्हणजे गोळ्यांचे, एवढेच माझे कॉमर्सचे ज्ञान. ही तर नुसती अर्धगोल कवचे. त्यांच्यात क्रँकशाफ्ट फिरतो. मध्ये साधारण ०.०५ मिलिमीटरची फट आणि तिच्यात तेल. मेकॅनिक एकेक कवच पुसून उजेडात धरू लागला, जणू पत्रिकाच बघतोय.

“हे ओरखडे, म्हणजे तेलात कचरा. ही एकच कड घासलीय, रॉड वाकडा असणार. हे काळं पडलंय, तेलच पोचलं नाही.”

म्हणजे खुणा सगळ्या बेअरिंगवर, अपराध सगळे दुसऱ्यांचे!

“मग कडक धातूची का नाही करत?”

“मग शाफ्ट जाईल ना, साहेब! मऊ आहेत म्हणून कचरा पोटात रुतवून घेतात.”

आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली बेअरिंगला मऊ मिश्रधातूचे अस्तर देण्याचे पेटंट घेतले. पण मऊ आहे म्हणून त्यानेच झिजायचे, हा कुठला न्याय? धातूची गोष्ट सोडा, माणसाचे काय? साहेबांची चूक आणि गिऱ्हाइकाचा संताप दिवसभर पोटात घेणारा मी! त्या कवचाकडे बघून मला अगदी भरून आले. मग आठवले की, संध्याकाळी तो सगळा कचरा घेऊन मी घरी जातो. तिथे मी शाफ्ट असतो.

मेकॅनिकने शाफ्टवरून नख फिरवले. “अडकत नाही. शाफ्ट वाचला. बेअरिंगं काय, नवी टाकू.”

का कोण जाणे, जुनी कवचे मी खिशात घालून घरी आणली आणि हिला एकेक खूण समजावून सांगितली. एक कवच हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

“आवाज कधीपासून येत होता?”

“आठ दिवस.”

“म्हणजे तुम्हाला ऐकू आला तेव्हापासून,” असे म्हणून ती कुकर लावायला आत गेली.