पाणी समोर आहे

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये ८:२६-३९

यरुशलेमहून उपासना करून परतणारा हबशी अधिकारी रथात यशया वाचतोय. अनुवाद २३:१ प्रमाणे त्याच्यासारख्या षंढाला मंडळीत प्रवेश नव्हता. पाणी दिसताच तो विचारतो, माझ्या बाप्तिस्म्याला आता काय आड येतं? आयुष्यभर 'नाही' ऐकलेला माणूसच असं विचारतो, असं मला वाटतं.

आपल्या काळात हा प्रश्न सॅली ग्रॉस यांच्यापुढे आला. केप टाउनच्या ज्यू घरात जन्मलेल्या ग्रॉस पुढे डॉमिनिकन धर्मगुरू झाल्या. त्या इंटरसेक्स होत्या, म्हणजे शरीराची जडणच स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात न बसणारी. धर्मगुरुपद गेलं. वर कुणी उत्पत्ती १:२७ पुढे करून सुनावलं की तुम्ही नर नाही, नारी नाही, तुमचा बाप्तिस्माच होऊ शकत नाही! देव माणसाला आपलं प्रतिरूप देतो, तेच हे वचन. त्याच अध्यायात जमीन आणि समुद्र वेगळे केलेत. मग वसईची खाजणं कुणी निर्माण केली? आणि मत्तय १९:१२ मध्ये प्रभू 'आईच्या उदरापासूनच तसे' असलेल्यांचा उल्लेख करतो, तेव्हा कुणाचं पाप शोधत बसत नाही.

फिलिप रथात चढून शेजारी बसला. शरीराबद्दल चकार शब्द नाही. पण काही गोष्टी त्याच वाटेने गेलेल्यालाच सांगता येतात. १९९३ मध्ये अमेरिकेत शेरिल चेस यांनी एका मासिकाला पत्र लिहून इंटरसेक्स लोकांची संस्था जाहीर केली, तेव्हा संस्था म्हणजे जवळपास त्या एकट्याच. मग पत्रं येऊ लागली. लहानपणच्या ऑपरेशनबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, अशा माणसांची. ग्रॉस यांनीही पुढे दक्षिण आफ्रिकेत अशीच संस्था काढली.

आपल्या मंडळीत असं बाळ जन्मलं तर आपण 'बरं व्हावं' म्हणून प्रार्थना करू. इथे मी अडते. काहींना औषध खरंच लागतं, ते द्यावंच. पण जे आजारी नाही त्याला बरं कशातून करायचं? त्यापेक्षा त्या आईबापांची अशाच दुसऱ्या आईबापांशी गाठ घालून द्या. बातमी मंडळीभर करू नका. आणि बाप्तिस्म्याची तारीख पुढे ढकलू नका.

उद्याचे वाचन : यशया ५६:१-८